यानातलं लिंबू

गुरुवारी ‘परतीची कक्षा’चा भाग संपला की पद्मजा मगदूम चहाचं आधण ठेवायची आणि फोन ओट्यावर हाताशीच ठेवायची. इचलकरंजीहून आण्णांचा फोन येणार म्हणजे येणार. आणि तो ‘कशी आहेस, जेवलीस काय’ असल्या चौकशीसाठी नसायचा.

“पद्मे, कॅप्टन रेवतीच्या कपाळावरची पट्टी उजवीकडनं डावीकडं गेली गं. जखम चालत गेली काय?”

“आण्णा, तो प्रसंग दोन दिवस शूट झालाय...”

“मग? दोन दिवसांत जखमेला पाय फुटतात?”

आण्णा म्हणजे भूपाल मगदूम, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या इचलकरंजीला त्यांनी कान पिळून न्यूटनचे नियम शिकवले होते. आणि त्यांची लेक पद्मजा त्या अंतराळ-मालिकेची कंटिन्युइटी सांभाळायची. म्हणजे एका शॉटमध्ये पेला अर्धा भरलेला असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो अर्धाच असला पाहिजे, हे बघणं तिचं काम. साताऱ्याजवळच्या एका बंद सूतगिरणीत ‘वारणा’ नावाचं यान उभारलं होतं आणि त्यातल्या प्रत्येक बटणाची जबाबदारी हिच्या डोक्यावर. बापानं चुका काढायच्या, लेकीनं त्या सावरायच्या. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं एवढ्यावरच चालायचं, आणि झकास चालायचं. प्रेमाबिमाच्या गोष्टी त्या घरात तोंडानं बोलायची रीतच नव्हती.

मालिकेतली रेवती उपाध्ये मगदूमांसारखीच जैन, सूर्यास्तानंतर न जेवणारी. आण्णांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, “अगं, यान पृथ्वीभोवती दीड तासाला एक फेरी मारतंय. दीड तासाला सूर्यास्त! ती बाई जेवते कधी? गिळते काय नुसती?” लेखकांकडे याचं उत्तर नव्हतं. पद्मजानं ते प्रकरण हसण्यावारी नेलं.

पण सगळ्या चुकांचा राजा म्हणजे लिंबू. सेटवर अमावस्येला लाइटवाले सदामामा कॅमेऱ्याला लिंबू-मिरची बांधायचे. त्या दिवशी यानाचा नवा कक्ष तयार झाला होता, म्हणून मामांनी कुणालाही न विचारता एक जादा लिंबू तिथंच टांगलं. नव्या वास्तूला दृष्ट लागायला नको! आणि ते तसंच शूट झालं. चंद्रापलीकडच्या निर्वात पोकळीत कॅप्टन रेवती पृथ्वीला अखेरचा संदेश देते आहे आणि तिच्या कानाशेजारी पिवळंधमक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या डुलताहेत! आण्णांना इतकं हसू आलं की चहा नाकातनं आला. पुढं कित्येक वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा ऐकावा लागायचा. पद्मजाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण आण्णांचं ते हसणं तिला आवडायचंही.

मग ‘सुसंगती’ आली.

कल्पना तशी साधी होती. माणूस मालिका बघताना पुढची गोष्ट बघतो, मागचं विसरत जातो. हे यंत्र काही विसरत नसे. पहिल्या भागापासून आजपर्यंत प्रत्येक वस्तू, प्रत्येक जखम, प्रत्येक वाक्य यांचा एकेक धागा ते धरून ठेवायचं. रेवती ‘मी एकुलती एक’ म्हणाली असेल आणि पुढं केव्हातरी तिचा भाऊ उगवला असेल, तर ते दोन धागे एकमेकांना छेदले की यंत्र तिथं लाल खूण करायचं. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढं होतं. सुसंगती ती चूक स्वतःच दुरुस्त करायची. चित्र नव्यानं रंगवायचं, नटाच्याच आवाजात वाक्य बदलायचं, आणि शिवण कुठं आहे ते नटाच्या आईलाही कळलं नसतं.

पद्मजाला बढती मिळाली. आता धावपळ नाही. यंत्र चुका दाखवणार, हिनं पडद्यावर अंगठा टेकवून मान्यता द्यायची. वर्षानुवर्षं ज्या चुकांनी तिची झोप उडवली होती त्या एका अंगठ्यानं गायब होताना बघून ती खूश व्हायची. का होऊ नये? आयुष्यभर गळक्या छपराखाली भांडी मांडणाऱ्या बाईला कुणी स्लॅब घालून दिला तर ती नाचेलच की.

नवे भाग निर्दोष झाल्यावर कंपनीनं जुने भाग यंत्रापुढं ठेवले. त्या काळी भाग कुणाच्या घरात नसायचाच. तो दूर कुठंतरी सर्व्हरवर असायचा आणि बघताना घरी यायचा. मूळ प्रत बदलली की जगभर बदलली. लोकांनी इकडंतिकडं टाकलेले तुकडेसुद्धा यंत्र ओळखून काढायचं आणि बदलायचं. राहता राहिले कुणी काढलेले फोटो. पण खोटे फोटो करणं शाळकरी पोरांचा खेळ झालेला, त्यामुळं फोटोवर कुणी विश्वास ठेवत नसे. हे काम गुपचूप करायचं, बाहेर बोलायचं नाही, असं करारात होतं. पद्मजानं सही केली आणि पहिल्याच आठवड्यात लिंबाच्या भागावर अंगठा टेकवला.

आण्णांचे फोन आखूड होत गेले. “चांगला होता भाग.” “चूक?” “दिसली नाही गं.” मग फोन येईनासाच झाला. पद्मजाला वाटलं, आण्णांना चुका मिळत नाहीत म्हणून रुसलेत. जरा गंमतच वाटली तिला. जिंकल्यासारखं वाटलं.

दिवाळीला ती इचलकरंजीला गेली तेव्हा गच्चीवरची दुर्बीण दिसली नाही.

“कल्लाप्पाला दिली,” आण्णा म्हणाले. “त्यानं चालवावा आता तारे बघायचा वर्ग.”

“का पण?”

“झाला की कंटाळा.” आणि मग तिच्याकडं न बघता, “पद्मे, सोमवारी माझ्याबरोबर मिरजेला येतेस काय? तिथं एक निवास आहे. विसरभोळ्या म्हाताऱ्यांची चांगली सोय करतात. एक खोली रिकामी होतेय.”

विसरभोळे? आण्णा? ज्यांना तीस वर्षांपूर्वीच्या पोरांचे हजेरी-क्रमांक पाठ आहेत ते? ती तडक कल्लाप्पा सरांकडं गेली. कल्लाप्पा तेली, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आण्णांचे जुने दोस्त. सरांनी आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं.

“गणपतीत आम्ही सगळे तुमच्याकडं जमलो होतो. सातआठ जण. नव्यानं आलेले एक डॉक्टर होते, त्यांना भूपालनं लिंबाचा किस्सा सांगितला. नेहमीसारखा, हातवारे करून. डॉक्टर म्हणाले, दाखवा की. भूपालनं तो भाग लावला. लिंबू नव्हतं गं. तीनदा मागंपुढं केलं. नव्हतंच.”

“पण तुम्हीपण तर पाहिलं होतंत ना सर, त्या वेळी?”

“पाहिलं होतं असं वाटत होतं. पण समोर दिसेना म्हटल्यावर मला वाटलं, भूपालनंच सांगून सांगून माझ्या डोक्यात भरलं असेल. कुणीच काही बोललं नाही. त्यानं मग घरी बसून जुने भाग धुंडाळले. जी चूक आठवावी ती जागेवर नाही. त्याच्या आईचं शेवटी काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे. तो ते धरून बसलाय.”

आठवण ही काही कपाटात घडी करून ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं जुळवतो, आणि जुळवताना समोर जो पुरावा असेल त्याच्या आधारानं जुळवतो. पुरावा बदलला की बहुतेकांची आठवण मुकाट्यानं बदलते. कल्लाप्पा सरांची बदलली. आण्णांची बदलली नाही, इतकी ती पक्की होती. आणि नेमक्या त्याच माणसाला वाटलं की आपलं डोकं गेलं!

हा घोळ आपल्या अंगठ्याचा आहे हे पद्मजाला रस्त्यातच उमगलं. करार गेला खड्ड्यात. घरात शिरल्या शिरल्या तिनं सगळं सांगितलं. यंत्र, जुने भाग, अंगठा, काही लपवलं नाही.

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि तीच तिला धोक्याची खूण वाटली. एरवी ते असा हात फिरवत नसत.

“तुझी आजी रोज विचारायची, म्हशीची धार काढली काय? म्हैस विकून वीस वर्षं झालेली. तुझी आई सांगायची, होय आत्त्या, काढली, दूध तापायला ठेवलंय. आजी सुखानं झोपायची. पद्मे, माया असली की माणूस असं बोलतो. मला कळत नाही होय?”

“आण्णा, मी खोटं बोलत नाही! आईशप्पथ!”

“बरं. मग सांग, लिंबू रेवतीच्या कुठल्या कानाशी होतं?”

पद्मजानं डोळे मिटले. तो प्रसंग तिच्या डोळ्यांपुढं आला, पण त्यात लिंबूच नव्हतं. दुरुस्त केलेला भाग तिनं तपासताना इतक्यांदा पाहिला होता की जुनं चित्र पुसूनच गेलेलं. “उजव्या,” ती अंदाजानं म्हणाली.

“डाव्या,” आण्णा म्हणाले. “बघ. तुलाच आठवत नाही, कारण तसं काही नव्हतंच. सोमवारी लवकर निघू.”

तिनं बाहेर जाऊन मिहिर दिघेला फोन लावला. कंपनीचा मुंबईतला प्रमुख. गोड बोलणारा माणूस. तिनं सांगितलं, जुने भाग बदललेत एवढं जाहीर करा, माझ्या वडिलांना त्याचा त्रास होतोय.

“पद्मजाताई, मला वाईट वाटतंय खरंच,” मिहिर म्हणाला. “पण एकदा ‘बदललं’ म्हटलं की लोक विचारतील, आणखी काय काय बदललं? बातम्या बदलल्या का? आमच्या सगळ्या वाहिन्यांवर संशय येईल. एका माणसासाठी एवढं नाही करता येणार.”

रागानं तिचे कान तापले. पण ती मगदूम सरांची मुलगी होती. रागानं काही सिद्ध होत नाही हे तिनं सहावीत असतानाच ऐकलं होतं, तेही छडीसकट. ती परत आत गेली.

“आण्णा, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. प्रयोगावर ठेवाल काय?”

आण्णांनी मान वर केली.

“मिरज एक आठवडा पुढं ढकला. येत्या गुरुवारच्या भागात एक चूक असेल. मुद्दाम केलेली. कुठली ते मी सांगणार नाही. तुम्ही सगळ्यांना बोलवा, बघा, आणि काय दिसलं ते सगळ्यांसमोर बोला. शुक्रवारी मी ती पुसणार. मग तोच भाग पुन्हा सगळ्यांनी मिळून बघायचा.”

“आणि चूक मला दिसलीच नाही तर?”

“तर मी स्वतः तुम्हाला मिरजेला पोचवीन.”

आण्णांनी कॅलेंडरात गुरुवारवर खूण केली आणि म्हणाले, “साक्षीदार जास्त पाहिजेत. कल्लाप्पाच्या बायकोलापण बोलावतो.”

आयुष्यात कधी चूक न करणाऱ्या बाईला चूक करायला सांगितलं की काय तारांबळ उडते ते त्या मंगळवारी सूतगिरणीत बघायला मिळालं. यानाचं इंजिन बंद पडलंय, माणसं तरंगताहेत, आणि वैमानिक इलाला आई गेल्याचा संदेश येतो, असा प्रसंग होता. नट तारांना लटकले होते. अर्धा प्रसंग झाल्यावर पद्मजा केशभूषा करणाऱ्या नसीमला म्हणाली, “इलाची वेणी सोड. आंबाडा घाल.”

“ताई, मघाशी वेणी होती.”

“माहीत आहे. घाल.”

नसीमनं आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं, मग आंबाडा घातला.

सुसंगतीनं अर्थातच लाल खूण केली. पण वेळ कमी असेल तर दुरुस्ती प्रसारणानंतर करायची, अशी एक सोय यंत्रात होती. पद्मजानं ती वापरली. गुरुवारी भाग वेणी आणि आंबाड्यासकट महाराष्ट्रभर गेला. ती ओट्याशी उभी राहिली. चहा उकळून उकळून काळा झाला तरी फोन येईना. नाही दिसली का? वेणीचा आंबाडा झालेला आण्णांना दिसू नये? तिला रडायला यायला लागलं.

फोन वाजला.

“वेणीचा आंबाडा झाला,” आण्णा म्हणाले. आवाज सपाट, पण मागं चांगलाच गोंगाट होता. “सगळ्यांनी पाहिला. कल्लाप्पाच्या बायकोनं तर माझ्याआधी सांगितलं. एवढ्या सोप्या चुकीसाठी नऊ माणसं जमवलीस?”

“मग फोनला उशीर का केलात? जीव टांगणीला लागला माझा!”

“दुसऱ्या चुकीवर वाद चालला होता. ती सोपी नाही.”

“दुसरी? आण्णा, मी एकच केली.”

“इंजिन बंद आहे. यानात वजन नाही. मग इलाच्या डोळ्यातलं पाणी गालावरनं खाली कसं ओघळलं? खाली म्हणजे कुठं? ते डोळ्यापाशीच गोळा होऊन थरथरत राहायला पाहिजे. तुझ्या यंत्राला नाही दिसलं?”

नव्हतं दिसलं. यंत्र शिकलं होतं हजारो मालिका बघून, आणि त्या सगळ्यांत रडणाऱ्याचं पाणी गालावरनंच ओघळायचं. तिथं धागे छेदतच नव्हते. पद्मजालाही दिसलं नव्हतं. तिनं त्या चुकीला हात लावायचा नाही असं तिथंच ठरवलं.

शुक्रवारी सकाळी तिनं आंबाड्याच्या दुरुस्तीवर अंगठा टेकवला आणि गाडी काढून दुपारी इचलकरंजी गाठली. दिवाणखान्यात सगळी मंडळी हजर होती. आण्णांनी भाग लावला. इला तरंगत आली, वेणी घालून. संदेश आला. वेणीच. प्रसंग संपेपर्यंत वेणीच.

“परत लाव,” कल्लाप्पा सर म्हणाले.

परत वेणी. कल्लाप्पा सरांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! काल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की हो!”

आण्णा उठून उभे राहिले, वर्गात राहायचे तसे. “काल आंबाडा कुणी कुणी पाहिला?” सगळे हात वर. “आज?” एकही नाही. “डोळ्यातलं पाणी काल खाली ओघळलं होतं. आज?”

“आजपण ओघळलं,” सर म्हणाले.

“म्हणजे हिनं पुसलं ते गेलं, आणि पुसलं नाही ते जागेवर आहे. आपण नऊ जण एका रात्रीत एकाच वेळी एकच गोष्ट विसरलो असं कुणाचं म्हणणं आहे काय?” कुणाचं नव्हतं. आण्णा खाली बसले. “पद्मे,” ते म्हणाले, “मी फार घाबरलो होतो गं. रोज सकाळी उठून आधी तुझ्या आईचं नाव आठवून बघायचो.”

पद्मजा त्यांच्या पायाशी बसली आणि ओक्साबोक्शी रडली. आण्णांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, “आणि तुझा राग आलाय तो वेगळाच. एवढी शिकलेली पोरगी, एकदा तरी विचार करायचास, लोकांना आठवत असेल त्याचं काय? माझ्याकडं प्रयोग करायला तू होतीस. बाकीच्यांकडं कोण आहे?”

तेवढ्यात मिहिरचा फोन आला. आंबाड्याची बोंब गुरुवारीच झाली होती आणि शुक्रवारी ती खोटी ठरली होती, त्यामुळं प्रेक्षक एकमेकांना वेड्यात काढत होते. पद्मजानं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“ताई, साधी गोष्ट आहे. प्रसारणात तशी चूक नव्हती, एवढं तुमच्या नावानं निवेदन द्या. कंटिन्युइटीच्या बाईनं सांगितलं की विषय मिटला. नोकरीला धक्का लागणार नाही.”

“चूक होती. नऊ जणांनी इथं बसून पाहिली.”

“कोण नऊ जण?”

“माझे वडील आणि त्यांचे मित्र.”

मिहिर हलकेच हसला. “सत्तरीच्या पुढची माणसं, ताई. रेकॉर्डपुढं त्यांचं कोण ऐकणार?”

पद्मजानं आण्णांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, खुणावलं नाही. हे गणित त्यांनी तिच्यावरच सोडलं होतं.

“निवेदन देते,” ती म्हणाली. “माझ्याच नावानं देते. चूक मी केली, मीच पुसली, आणि याआधीच्या शेकडो चुकाही मीच पुसल्या. ज्यांना ज्यांना त्या आठवत होत्या त्यांचं डोकं शाबूत आहे. हे वाक्य जसंच्या तसं देणार. आणि मिहिर, ‘हिचीच आठवण चुकतेय’ असं तुम्हाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पुढच्या गुरुवारी सगळ्या महाराष्ट्राला घेऊन हाच प्रयोग परत करू.”

“तुम्हाला उद्यापासून सेटवर यायची गरज नाही,” मिहिर म्हणाला. गोडवा पार आटला होता.

“उद्या शनिवार आहे, तसंही सुट्टीच होती.”

निवेदन तिनं तिथंच बसून, आण्णांच्या देखत सगळीकडं टाकलं. तास झाला नसेल तोवर उत्तरं यायला लागली. परभणीच्या एका बाईंनी लिहिलं होतं की नवऱ्याशी याच मालिकेवरून पैज हरल्यापासून आपण स्वयंपाकघरात गॅस बंद केलाय का ते दहादा बघतो. नांदेडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मेंदूच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. आण्णा चष्मा लावून एकेक उत्तर मोठ्यानं वाचत होते आणि दर माणसामागं “बघ, हासुद्धा ठीक आहे” म्हणत होते.

उन्हं कलायला लागली तशी कल्लाप्पा सरांच्या बायकोनं सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची पानं घेतली. पहिला घास घेतला तोच आण्णांचा फोन वाजला. मिरजेच्या निवासातली मुलगी होती. खोली स्वच्छ करून ठेवली आहे, सर कधी येताय, असं ती फार अदबीनं विचारत होती.

“बाळ, ती खोली ज्याला खरी गरज आहे त्याला दे,” आण्णा म्हणाले. “माझं डोकं ठिकाणावर आहे, आज नऊ जणांसमोर तपासलं. नोकरी तेवढी गेली, पण ती माझी नव्हे, मुलीची. तिला ठेवून घ्यायला घर आहे माझं.”